तिसरी वायर

पैज लागली जिन्यात, आणि तीही माझ्याच पापांमुळे. त्या आठवड्यात मी तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या बेलला बकरीचा आवाज बसवला होता. सगळे तक्रार घेऊन जमले. दुसऱ्या मजल्यावरचे शिंपीमास्तर म्हणाले, "हा लेकाचा एकही काम खोडीशिवाय करणार नाही. केलंस तर मी डोक्यावर बादली घालून फाटकाशी उभा राहीन आणि 'मी गाढव आहे' असं तीनदा ओरडेन. खोडी निघाली, तर बादली तुझी!"

"काम सांगा, मास्तर."

मास्तरांनी आवाज खाली आणला. "भाऊची गिटार. रेकॉर्ड करून दे."



मास्तरांचा धाकटा भाऊ बेस वाजवायचा. चार जाड तारांची गिटार, छातीत घुमणारा खोल आवाज. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतर आठ महिने मास्तरांनी शिलाई मशीनला हात लावला नाही. गिटार मांडीवर घेऊन नुसते बसून असायचे. आता कुठे मास्तरांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, त्यांना गिटार द्यायला राजी केलं होतं. रविवारी एक शिकाऊ मुलगी येऊन गिटार नेणार होती. त्याआधी भाऊने शिकवलेली एकुलती एक धून मास्तरांना जपून ठेवायची होती.

शनिवारी दुपारी वहिनी त्यांना माझ्या दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, उद्या गिटार गेली नाही तर हे पुन्हा तसेच बसतील. आज खोडी नको."

"आईशप्पथ नाही, वहिनी."

माझी रेकॉर्डिंगची खोली म्हणजे भिंतींना जुन्या गाद्या, एक कॉम्प्युटर आणि वायरींचा गुंता. मी तीन वायरी काढल्या. गिटारचा आवाज दोन वाटांनी फोडला. एक वायर सरळ कॉम्प्युटरला, दुसरी अॅम्प्लिफायरला आणि त्याच्यासमोर माइक. तिसरी निराळी. बटणाएवढा पिकअप मेणाने गिटारच्या लाकडालाच चिकटवला. तो तारेचं ऐकत नाही, लाकडाची थरथर पकडतो. तिन्ही आवाज एकावर एक ठेवले की सुराला अंग येतं.

"म्हणजे वरचं कापड, अस्तर आणि मधला कॅनव्हास," मास्तर म्हणाले.

"बरोब्बर."

"भाऊ सुरू करताना लाकडावर नखाने चार ठोके द्यायचा. संपलं की दोन. शेवटचं वळण मला कधी जमलंच नाही. मी तिथेच थांबतो."

त्यांनी वाजवलं. वळणापाशी थांबले. मी हेडफोन लावून एकेक वायर ऐकली. पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसरीवर, धून सुरू होण्याआधी, चार ठोके.

"ठोके दिलेत का हो?"

"मी? मी नखं वाढवतच नाही, कापडात अडकतात." त्यांनी बोटं दाखवली. नखं मुळापर्यंत कापलेली.

मी वायर बदलली. मेण खरवडून पिकअप दुसरीकडे लावला. जुनं सगळं पुसून पुन्हा घेतलं. पहिल्या दोन वायरींवर मास्तर वळणापाशी थांबले. तिसरीवर मात्र सूर पुढे गेले. तीनच. मग तेही थांबले, जणू कुणी वाट बघतंय.

चाळीस वर्षं मी लोकांना बनवतोय. कुणी मला बनवत असेल तर वास येतो. इथे वास नव्हता.

गिटार स्टँडवर ठेवली. पहिल्या दोन वायरी उपटल्या. तिसरीचा आवाज स्पीकरवर सोडला.

आम्ही दोघं गुडघ्यांवर हात ठेवून बसलो.

पडद्यावरची रेघ सरळ होती. मग ती हलली.

शेवटचं वळण. पूर्ण. सावकाश.

मी तारांवर बोट ठेवलं. स्थिर होत्या, गार. लाकूड कोमट होतं, नुकतंच कुणी पोटाशी धरल्यासारखं.

टक. टक.

मास्तरांचा चेहरा उजळला. त्याचीच मला भीती वाटली.

"तो आहे," ते म्हणाले. "त्या मुलीला नाही म्हणून कळव. मी इथेच बसतो."

मी हसलो. आयुष्यात हसणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"फसलात की, मास्तर! भाऊचं जुनं रेकॉर्डिंग होतं माझ्या मोबाइलमध्ये. घुसवलं तिसऱ्या वायरीत!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले. "हलकट आहेस," म्हणाले, आणि दारात डोळे पुसले.

रविवारी मुलगी आली आणि गिटार घेऊन गेली. वहिनींनी दार लावून घेतलं, मग फाटकाशी आल्या. अख्खी इमारत जमली होती. बादली डॉक्टरीणबाईंनी स्वतः आणली आणि माझ्या डोक्यावर घातली.

"मी गाढव आहे!" हशा.

"मी गाढव आहे!" आता मास्तरही हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. बादलीच्या आतूनही ओळखलं मी.

तिसऱ्यांदा ओरडायला श्वास घेतला आणि उजव्या कानाशी, प्लास्टिकवर, नख वाजलं. एक, दोन, तीन, चार.

मी बादली वर केली. सगळे दहा पावलं लांब. ठोके बाहेरून नव्हतेच.

"तिसरं राहिलं रे!" मास्तर ओरडले. "पैज म्हणजे पैज!"

मी बादली पुन्हा डोक्यावर घेतली आणि तिसऱ्यांदा ओरडलो. मग तसाच उभा राहिलो, दोन ठोक्यांची वाट बघत.

ते आले नाहीत.