बंद आहे

बायकोची अट साधी होती. शनिवारपर्यंत नवा संडास बसला तर ती माझ्याबरोबर आठ दिवसांच्या सफरीला येणार, नाहीतर बोट विकायची. निवृत्त झाल्या झाल्या मी ही चौतीस वर्षांची शिडाची बोट घेतली होती, आणि तिच्यातला कमोड तिच्याहून म्हातारा वाटत होता. हातपंपाचा दांडा दहा वेळा मारला की दोनदा पाणी यायचं, तेही नको त्या बाजूनं. शुक्रवारी सकाळी नवा कमोड खोक्यातून काढला तेव्हा माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. बायकोनं त्याच्यावरून हात फिरवला. "घरातल्यापेक्षा बरा दिसतोय," ती म्हणाली. एवढं कौतुक मला लग्नातही मिळालं नव्हतं.

बोट धक्क्याला बांधलेली होती, पाण्यातच. तिच्यातली संडासाची खोली म्हणजे एक उभं कपाट. कमोडच्या बुडातून निघालेला रबरी पाईप फळीपलीकडच्या केबिनमध्ये जातो. तिथं बाकड्याखाली एक व्हॉल्व्ह आहे, आणि व्हॉल्व्हच्या खाली थेट समुद्रात उघडणारं लिंबाएवढं भोक. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाईप कापला तर बघता बघता बोट तळाला जाणार. मी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. खड्ड्यात उतरणाऱ्यानं विचारायचं, वरच्यानं सांगायचं आणि मगच हात लावायचा, ही सवय माझ्या हाडात भिनलेली. बायको बाकड्याखाली वाकली, तसं मी फळीआडून विचारलं.

"व्हॉल्व्ह बंद?"

थोडी खुडबुड झाली. "बंद आहे."

मी पाईप कापला. पेलाभर पाणी सांडलं आणि थांबलं. माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे दोन तास मजेत गेले. गंजलेल्या चार बोल्टांपैकी तीन पान्यानं निघाले, चौथ्यानं करवत मागितली. जुनं धूड दोघांनी मिळून धक्क्यावर चढवलं. बायको नाकाला ओढणी बांधून एक बाजू धरत होती आणि हसून हसून तिचे हात ढिले पडत होते. शेजारच्या बोटीवरचा रंगारी म्हणाला, "काका, मिरवणूक कुठं निघाली?" मी नवा कमोड खाली उतरवला आणि शीळ घालत भोकं पाडायला बसलो.

खाली पडलेल्या पाईपच्या कापलेल्या तोंडावर मी फडकं टाकलं होतं. ते मधूनच तोंडाला चिकटायचं, मग सैल पडायचं. लाटेनं हवा दबत असेल, असं मी धरून चाललो. हात लावून पाहिला तर हवा कोमट होती. समुद्राचं पाणी त्या दिवसांत हात गारठून जाईल असं. इंजिनाची ऊब, मी स्वतःला सांगितलं. इंजिन चार दिवस सुरू केलं नव्हतं, हे मला नंतर आठवलं.

"अहो, काय घट्ट धरलंय?" बायकोनं पलीकडून विचारलं.

"मी कुठं काय म्हणालो?"

"आत्ताच म्हणालात ना, घट्ट धरलंय म्हणून."

"कान तपासून घे," मी म्हणालो. मला कामाची घाई होती.

साडेअकराला शेवटचा बोल्ट आवळला. कमोड असा बसला होता की त्याच्यावर ढोल वाजवला असता तरी हलला नसता. बायको आली, झाकणावर ऐटीत बसली आणि म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?" हेच ऐकायला मी तीन महिने जिवाचं रान केलं होतं. आता फक्त पाईप जोडायचा आणि पाणी सोडून बघायचं.

"जा, व्हॉल्व्ह उघड."

"उघडू कसा? सांगितलं ना तुम्हाला, बंद आहे."

"म्हणून तर उघड म्हणतोय."

"अहो, बंद म्हणजे बंद पडलाय. दांडा नुसता गोल फिरतो, काही होत नाही. तरी तुम्ही पाईप कापलात, पाणी आलं नाही. मला वाटलं, तुम्ही दुसरी काही सोय केली असेल."

मी पलीकडच्या केबिनमध्ये धावलो.

बाकड्याखालची फळी काढली. दांडा माझ्या बोटांत निखळून आला. आतलं पितळ खाऱ्या पाण्यानं कधीच खाऊन टाकलं होतं. बंद होण्याजोगं तिथं काही उरलं नव्हतं.

दोन तासांत बोट बुडायला हवी होती. बुडाशी थेंब नव्हता.

व्हॉल्व्हवरचा पाईप सोडवला आणि भोकात टॉर्च मारला.

वीतभर खाली, जिथं समुद्र असायला हवा होता, तिथं काहीतरी फिकट टेकलेलं होतं. त्याच्यावर रेषा होत्या. फार वेळ पाण्यात राहिल्यावर पडतात तशा सुरकुत्या होत्या.

तळवा होता. बाहेरून दाबून धरलेला.

बायकोनं माझा दंड पकडला.

खालून आवाज आला. दमलेला, माझ्याच वयाच्या माणसाचा.

"सोडू?"

"नको," मी म्हणालो.

पाणी बोटीला बाहेरून चापट्या मारत होतं.

"मग हात बदलतो."

पाण्याची चिळकांडी छतापर्यंत उडाली आणि थांबली. मी टॉर्च पुसून पुन्हा खाली धरला.

आता टेकलेला तळवा लहान मुलाचा होता.