गाढवाचं पुस्तक की बोटीचं?

पहिल्या भेटीत वज्दी रडत होता. त्यात माझा काहीच हात नव्हता. हात होता एका गोगलगायीचा.

एप्रिलचा पाऊस ट्युनिशियातल्या आमच्या बिझर्त गावाच्या जुन्या बंदरावर तिरपा कोसळत होता. मी पुस्तकांच्या दुकानात शिरले, केस झटकले आणि लहान मुलांच्या कपाटापाशी एका लांबलचक पायाला अडखळले. पायाच्या दुसऱ्या टोकाला एक दाढीवाला तरुण होता. मांडीवर चित्रांचं पुस्तक, डोळ्यांत पाणी.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"तिचं घर चोरीला गेलंय."

"कुणाचं?"

"गोगलगायीचं." त्याने पुस्तक माझ्यापुढे धरलं. "ती तक्रार द्यायला निघते... पण चौकीवर पोचेपर्यंत पोलीस निवृत्त होतो."

मी नीट निरखून पाहिलं. आधी पुस्तकाकडे. मग त्याच्याकडे. पापण्या जरा जास्तच लांब होत्या. पुरुषाला एवढ्या पापण्या लागतात कशाला?

"मोठ्यांची पुस्तकं नाही का वाचत तुम्ही?"

"वाचायचो. त्यात सगळे रडतात आणि वाचणाऱ्याला काहीच होत नाही."

"मग तुम्ही चुकीची वाचलीत." नव्या पुस्तकांच्या टेबलावरची एक जाडजूड कादंबरी मी त्याच्या हातात ठेवली. "ही घ्या. एक बाई नवऱ्याला सोडून जायचं ठरवते आणि शेवटच्या पानावर चप्पल घालते."

"आणि जाते?"

"चप्पल घालते म्हटलं ना मी!"

त्याने कादंबरी घेतली, मी गोगलगाय. नावं विचारायची दोघांनाही आठवण झाली नाही. बसथांब्यावर तिसऱ्या पानापर्यंत मी अगदी ठीक होते. त्यानंतर एका अनोळखी बाईंनी मला रुमाल दिला.

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे न्हाव्याच्या दुकानावरची एक खोली. दर शनिवारी सकाळी मी तिथून नवी पुस्तकं सुचवायचे. चेहऱ्याने मला गावात कुणीच ओळखत नाही, पण बाजारात "अर्धा किलो टोमॅटो" एवढं म्हटलं की भाजीवाला ओरडतो, "अगं दुर्रा, त्या डॉक्टरने शेवटी लग्न केलं का नाही?" म्हणून मायक्रोफोनसमोरची ती खुर्ची मला जिवापेक्षा प्यारी होती. एक पाय लंगडा होता तिचा, तरी.

त्या शनिवारी केंद्राचे प्रमुख सी तिजानी, म्हणजे तिजानीसाहेब, म्हणाले, "मुलांची पुस्तकं सांगायला एक माणूस आणलाय मी." दार उघडलं. आधी लांबलचक पाय आत आला, मग बाकीचा.

"घातली तिने चप्पल," वज्दी म्हणाला. "दोन दिवस जेवण गेलं नाही मला."

"पोलिसाने निदान पत्ता तरी ठेवायचा होता," मी म्हणाले.

मग शनिवारांची गंमतच सुरू झाली. चंद्राला गालगुंड होतं अशा पुस्तकाची तो शिफारस करायचा. "वय वर्षं चार ते सत्तर!"

"सत्तरच्या पुढच्यांनी काय पाप केलंय?"

"त्यांना गालगुंड होऊन गेलंय, बाई."

मायक्रोफोन एकच. तो बोलायला पुढे वाकला की त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा, आणि मी हातातल्या कादंबरीच्या नायिकेचं नाव विसरायचे. पुदिन्याच्या चहातले बदाम तो चमच्याने काढून माझ्या ग्लासात टाकायचा. आवडत नाहीत म्हणे. एकदा बाजारात मी त्याला उभ्या उभ्या मूठभर बदाम खाताना पाहिलं. मी पटकन खांबाआड झाले... आणि घरापर्यंत हसत गेले. का, ते विचारू नका.

जूनमध्ये सी तिजानींनी खाकरून घोषणा केली. "पुढच्या महिन्यापासून कार्यक्रम अर्ध्या तासाचा पाव तास. उरलेला वेळ सार्डिन मासळीच्या डब्यांच्या जाहिरातीला दिलाय. एक खुर्ची, एक आवाज."

वज्दी खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "ट्यूनिसला मामाचं दुकान आहे. फरश्यांचं."

"मग काय, फरश्या सुचवशील?"

"वय वर्षं चार ते सत्तर."

तो हसला. मी हसले. पण खरं तर कुणीच हसलं नव्हतं.

निवाड्यासाठी सी तिजानींनी एकच नवं पुस्तक निवडलं. वर छापलं होतं, 'मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी'. दोघांनीही त्याचीच शिफारस करायची. ज्याची सरस, त्याची खुर्ची. पुस्तक आमच्याकडे असतं तसं जोडपुस्तक होतं, उजवीकडून अरबी आणि डावीकडून फ्रेंच. असलं पुस्तक कसं वाचायचं हे आम्हाला शाळेपासून ठाऊक असतं. आपली बाजू वाचायची, मध्यावर आलं की मिटायचं. पलीकडे तेच तर असतं, दुसऱ्या भाषेत! याच ज्ञानावर आमच्या अख्ख्या पिढीने गृहपाठ उतरवलेत.

मी अरबीतून वाचलं आणि शनिवारी श्वास घेऊन सुरुवात केली.

"श्रोतेहो, ही एका गाढवाची गोष्ट. ते इतकं मोठ्याने ओरडतं की गाव त्याला हाकलून देतं. चालत चालत ते धक्क्याच्या टोकाला येतं, धुक्याकडे तोंड करून ओरडतं... आणि उत्तर येत नाही. संपलं. ज्यांनी कुणाची वाट पाहिलीय, त्यांनी एकट्याने वाचावं. मुलांपासून दूर ठेवावं."

'वाट पाहिलीय' म्हणताना आवाज जरा फाटला. मायक्रोफोन जुना आहे आमचा.

वज्दी माझ्याकडे बघतच राहिला. "कुठलं गाढव?"

"नायक आहे तो!"

"या पुस्तकात गाढव नाही, दुर्रा."

"मुखपृष्ठावर एवढं मोठं गाढव आहे!"

"ती मागची बाजू. नक्षी आहे ती." त्याने मायक्रोफोन ओढला. "श्रोतेहो, ही एका बोटीची गोष्ट. नवा रंग मिळावा म्हणून ती होकायंत्र विकते, धुक्यात हरवते... आणि अचानक कसला तरी आवाज ऐकून थांबते. संपलं. आवाज कसला, लेखिका सांगत नाही. मुलांना ओळखू द्या."

"तू पुस्तक न वाचता आलास!"

"आणि तू गाढव घेऊन आलीस!"

फोन खणखणला. कुणी मावशी होत्या. "पोरीला कशाला रडवता रे? ती म्हणते गाढव आहे, तर असेल!" तेवढ्यात खालच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक तोंडाला फेस लावूनच जिना चढून आलं आणि म्हणालं, "मी बोटीच्या बाजूने." सी तिजानींनी मुकाट्याने सार्डिनची जाहिरात लावली.

मी वज्दीच्या हातातलं पुस्तक हिसकावलं. डावीकडून उघडलं. बोट. पुढच्या पानावर बोट. त्याच्याही पुढे बोट... मग मधली दोन करडी पानं. कोरी समजून सोडली होती मी ती. आता ती धुकं झाली. आणि धुक्यापलीकडे, माझं गाढव.

"बोटीने थांबून ऐकलं ते गाढवाचं ओरडणं..." वज्दी हळूच म्हणाला.

"...आणि उत्तर यायच्या आधी मी पुस्तक मिटलं."

जाहिरातीत सार्डिन गात होते. आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळत होता.

जाहिरात संपताच मी सांगून टाकलं, "श्रोतेहो, आम्ही दोघांनीही अर्धंच वाचलंय. माफ करा. तुम्ही मात्र पूर्ण वाचा." सी तिजानींनी तेवढ्यावर निकाल दिला, चूक आधी कबूल केली म्हणून खुर्ची दुर्राची.

"मोठ्यांचा विजय झाला," वज्दी म्हणाला आणि हात पुढे केला. तो हात माझ्या हातात थोडा जास्तच थांबला. माझ्या ओठांवर एक वाक्य तयार होतं. अगदी घासूनपुसून. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "फरश्या नीट विक हं."

रविवारी तो जाणार होता. खुर्ची मिळाल्यावर माणसाला झोप लागायला हवी. मी मात्र पिशवीत नवी पुस्तकं भरली आणि लुआजच्या, म्हणजे आमच्या वडाप गाड्यांच्या, अड्ड्यावर गेले. लुआज भरल्याशिवाय हलत नाही. लाल पट्ट्याच्या गाडीत मागच्या खिडकीशी वज्दी बसला होता आणि चालक बोंबलत होता, "ट्यूनिस! ट्यूनिस! एकच जागा!"

एकच.

समोरून एक शिपाई आला.

"ट्यूनिसला?" मी आडवी गेले. "वाचायला काय घेतलंय?"

"काही नाही."

"काहीच नाही?" मी अशी दचकले की तोही घाबरला. "हे घ्या, नवीन आलंय. खुनाचं आहे. पण पहिलं प्रकरण हलत्या गाडीत वाचायचं नसतं, धागा सुटतो." तो आज्ञाधारकपणे फुटपाथवर बसला. मग एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना मी ती चप्पलवाली दिली. मग एक आजोबा. म्हणाले, "मला नाही वाचता येत, पोरी."

"मग बसा, सांगते. एक होतं गाढव..."

"ए मुली!" चालक धावत आला. "माझे प्रवासी घेऊन फुटपाथवर वाचनालय काय उघडलंस?"

"शू!" शिपाई पान उलटत म्हणाला. "इथे खून होतोय."

खिडकीची काच सरकली. "दुर्रा? काय चाललंय?"

"शिफारस."

"गाडी सुटत नाहीये."

"हो का? माझं लक्षच नव्हतं."

तो हसला नाही. त्या नको तेवढ्या लांब पापण्यांखालून पाहत राहिला. आता नाही तर कधीच नाही...

"एक नवं पुस्तक आहे," मी म्हणाले. "मोठ्यांसाठी. एक मुलगी आहे त्यात. दर शनिवारी एका माणसाशी भांडते आणि मग सगळा आठवडा पुढच्या भांडणाची तयारी करते."

"शेवट?"

"माहीत नाही. माझी बाजूच वाचलीय मी. पलीकडे काय आहे, ते... विचारायला आलेय."

"पलीकडे?" त्याचे कान लाल झाले. "पलीकडे एक माणूस आहे. तो सकाळी आठला अड्ड्यावर येतो. आणि दर वेळी गाडी भरत आली की उतरतो आणि म्हणतो, मी पुढच्या गाडीने जाईन."

"तीन गाड्या!" चालकाने कपाळावर हात मारला. "तीन गाड्या सोडल्या या गृहस्थाने! मला वाटलं, पोलीस मागे लागलेत."

माझे डोळे भरून आले. ऊन फार होतं.

"खुर्ची एकच आहे, दुर्रा."

"पण वेळ पाव तासाचा आहे. मी सुरुवातीच्या टोकाने येते, तू शेवटच्या टोकाने ये. मध्यावर भेटू."

"आणि सी तिजानी?"

"त्यांना अजून सांगायचंय."

वज्दी उतरला. आधी लांबलचक पाय, मग बाकीचा. त्याने बॅग खाली ठेवली आणि माझा हात हातात घेतला, भर अड्ड्यावर, डॉक्टरीणबाईंच्या देखत. त्यांनी पुस्तकातून डोकं वर काढलं, पाहिलं, आणि पुन्हा पुस्तकात घातलं.

चालकाने रिकाम्या जागांकडे पाहिलं, फुटपाथवरच्या वाचकांकडे पाहिलं. मग आजोबांना जरा सरकायला सांगून तोही खाली बसला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "गाडी काही आज सुटत नाही. मलाही द्या एखादं."

"मोठ्यांसाठी हवं की मुलांसाठी?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.