दात्याच्या टोकाला

मुद्रासेतूच्या खुर्चीत बसण्याआधी हरिबा चौगुल्यांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, हे झाल्यावर माझं काय?"

"तुमचं काय व्हायचंय? दोन तास पडून राहायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं," संचालक डॉ. शेवडे म्हणाले.

घरी जायचं, एवढंच त्यातलं खरं उत्तर होतं. कोल्हापूरजवळच्या या केंद्रात वीज साठवणारे ऊर्जास्फटिक तयार होत. साखर कारखान्यात पाक शिजवतात तसंच द्रावण इथे निर्वात पॅनमध्ये शिजवून त्याला दाणा धरायला लावत. दाणा बिघडला की चाळीस टन माल मातीत. हरिबांनी वीस वर्षं साखरेचा पॅन सांभाळला होता, अकरा वर्षं हा. नेमणूक मात्र अकरा-अकरा महिन्यांच्या हंगामी पत्रावर. स्फटिकप्रमुखाची जागा सहा वर्षं रिकामी होती, कारण जाहिरातीत लिहिलं होतं: संशोधन पदवी आणि तीस वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव. असा माणूस कुठे जन्माला येतो, हे जाहिरात लिहिणाऱ्यालाच ठाऊक! हरिबांनी तीनदा अर्ज केला, तीनदा तो पदवीपाशी अडला.

आता शेवड्यांनी तोड काढली होती. हरिबांचा अनुभव संशोधन पदवी मिळवलेल्या डॉ. ऋजुता पाटणकरच्या मेंदूत उमटवून तिला ती जागा द्यायची. नाही म्हणावं, तर पुढचं हंगामी पत्र मिळणार नव्हतं. हो म्हणावं, तर पत्राची गरजच उरणार नव्हती. बाहेर बसून वाट बघण्यापेक्षा आत राहून मार्ग शोधावा, असं ठरवून हरिबा खुर्चीत बसले.

सेतूची टोपी आपल्या डोक्यावर चढवता चढवता ऋजुताने विचारलं, "सर, हा सेतू नेमकं काय वाहून नेतो?"

"जोडण्या," शेवडे म्हणाले. "एखादी गोष्ट पुन्हापुन्हा केली, की मेंदूच्या पेशींमधल्या जोडण्या पक्क्या होतात. सेतू दोन मेंदू ताडून पाहतो आणि एकाच्या पक्क्या जोडण्यांचा ठसा दुसऱ्याच्या कच्च्या जागी उमटवतो. पाणी उंचावरून सखल भागाकडे जावं तसं."

"मग मी जिथे उंच आहे, तिथलं यांच्याकडे जाईल?"

शेवडे हसले. "तत्त्वतः जाईल. पण ते दाते आहेत, ऋजुता. त्या टोकाला आम्ही नोंद घेणारं यंत्रसुद्धा बसवलेलं नाही."

हरिबा दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांच्याबद्दल ते नसल्यासारखं बोलायची इथे पद्धतच होती.

आठ दिवसांनी ऋजुता पॅनसमोर उभी राहिली. तिने दांडीने नमुना काढला, काचेच्या पट्टीवर घेतला, अंगठा आणि बोटात चोळला. क्षणभर थांबली आणि तिचा हात आपोआप पाण्याच्या कॉककडे गेला.

"मामा!" ती जवळजवळ ओरडलीच. "मी ठरवलं नव्हतं. हातालाच कळलं!"

 भाजून, चटके खाऊन एकतीस वर्षांत जे हरिबांच्या हाताला आलं, ते या पोरीला दोन तासांत मिळालं होतं. पण त्यांच्या तोंडातून निघालं ते भलतंच.

"कळणारच की. द्रावण अतिसंपृक्ततेच्या वरच्या सीमेपल्याड गेलं, की नको ती नवी बीजं धरत्यात. पाणी दिलं की बारकी विरघळत्यात, मोठा दाणा तेवढा ऱ्हातोय."

 'अतिसंपृक्तता' हा शब्द हरिबांनी जन्मात उच्चारला नव्हता.

हरिबा बॉयलरमागच्या पायरीवर जाऊन बसले. पाणी का द्यायचं, असं त्यांनी तरुणपणी आपल्या उस्तादाला, दत्तोबांना विचारलं होतं, तेव्हा पाठीत रट्टा बसला होता. 'का' हा साहेब लोकांचा प्रश्न, आपल्याला 'कधी' कळलं की पुरे. आज त्या प्रत्येक 'कधी'ला आपला 'का' येऊन मिळत होता. हरिबा रडले, आणि ते दुःखाने नव्हतं. मग तोंड पुसून ते ऋजुताकडे गेले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रबंध वाचायला द्या. आणि एक कोरा अर्ज."

ऋजुताने दोन्ही आणून दिलं. कशासाठी, ते विचारलं नाही.

निवड समिती सोमवारी पाच वाजता बसली. शेवडे अध्यक्ष. ऋजुताची वाट मोकळी व्हावी म्हणून समितीने सकाळीच एक नियम केला होता: सेतूने उमटवलेला ठसा स्वतः मिळवलेल्या पात्रतेइतकाच ग्राह्य मानावा.

हरिबांचा अर्ज पाहून शेवड्यांनी गंमत म्हणून एक प्रश्न टाकला. उत्तर आलं. मग गंमत राहिली नाही. नवव्या प्रश्नाला हरिबा म्हणाले, "पुस्तकात हाय तसं. पर आपल्या पॅनचा तळ रुंद हाय. हितं चार अंश आधीच दाणा धरतोय."

"बरोबर आहे," दुसरी उमेदवार म्हणून शेजारी बसलेली ऋजुता हळूच म्हणाली.

शेवडे लाल झाले. "हे ज्ञान तुमचं नाही, चौगुले. ते हिचं आहे."

"आणि मॅडमच्या हातातला अनुभव कुणाचा?"

 हरिबांनी आवाज चढवला नाही. "साहेब, सकाळचा नियम ठेवा. मग आम्हा दोघांकडं दोन्ही हाय, आणि नोकरीत मी जुना. न्हाईतर नियम काढा. मग मॅडमला अनुभव न्हाई, मला पदवी न्हाई. माझं पत्र आज सहाला संपतंय. पॅनमध्ये चाळीस टन उकळतंय. सहानंतर त्याला हात लावायचा अधिकार असलेला माणूस तुमच्याकडं उरत न्हाई."

"मला विचार करावा लागेल."

"करा की. मी पॅनवर हाय. सहाला वाफ बंद करून घरी जाणार."

सहाला सात मिनिटं कमी असताना शेवडे स्वतः नेमणुकीचं पत्र घेऊन पॅनपाशी आले. "नियम ठेवलाय," ते म्हणाले. "पण चौगुले, तुमचं जमून गेलं, प्रत्येकाचं थोडंच जमणार? यापुढे दाता म्हणून इथे कोण बसायला तयार होईल, सांगा बघू? आपला अनुभव दुसऱ्याला देऊन नोकरी घालवायला?"

हरिबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि त्याच खिशातून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. यादी होती. वेल्डर, फिटर, बॉयलरवाले, रसायनं मिसळणाऱ्या बायका, सगळ्यांची नावं आणि सह्या. केंद्रातल्या सत्तावन्नच्या सत्तावन्न कामगारांना दाते व्हायचं होतं.