बहात्तरशे की सहा हजार?

तिच्या जिभेला एवढी धार होती, की शेजारचा शिंपी कात्री परजायला तिच्यापुढे धरायचा. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. मी फार तर निम्मंच वाढवून सांगतो.

अशी ती, गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून, कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याच्या दुकानात शिरली. काउंटरवर बोटं वाजवत म्हणाली, "सगळ्यात वेगवान रॅम कुठली?"

"बहात्तरशे स्पीडची. पण सहा हजारची पुरेल तुम्हाला. गेम खेळता का?"

"भांडते. वीस दिवसांनी डॉक्टर माझं स्वरयंत्र काढणार आहेत. त्याआधी माझी वाक्यं भरून ठेवायचीत. मग कळ दाबली की कॉम्प्युटर माझ्या आवाजात बोलेल. टोमणा उशिरा गेला की त्याचा सल्ला होतो हो… बहात्तरशेचीच लावा."

त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. तो उचलायला त्याने जरा जास्तच वेळ लावला.

मग रोज दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत ती बोलायची, तो भरून घ्यायचा. "पंखा लाव." "दुखतंय." "तुझं डोकं फिरलंय का?" आठव्या दुपारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोणी केलं, ते दोघंही एकमेकांवर ढकलायची.

"एवढं काय बघतोस?"

"आवाजाची पातळी…"

"ती पडद्यावर दिसते. माझ्या ओठांवर नाही."

नवव्या दुपारी त्याने कळ दाबून पाहिली. "मला श्वा—" एवढंच बोलून पडदा थिजला. 'श्वास घेता येत नाहीये' हे वाक्य होतं ते.

"बहात्तरशे या मदरबोर्डाला झेपत नाही," तो हळूच म्हणाला. "सहा हजारवर अडकणार नाही."

"आणि उशीर?"

"पापणी लवायच्या आत बोलेल."

"कुणाची? तुझी तर मी आले की लवतच नाही!"

हसता हसता तिला खोकला आला. रुमालावर लाल ठिपका… तिने तो घाईने मुठीत दडवला.

"लाव सहा हजारची," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने धीर केला. "मला एक विचारायचंय—"

"आत्ता नाही. आवाज गेल्यावर विचार. तेव्हाही विचारावंसं वाटलं तर."

मग त्याला बाहेर काढून तिने दार लावलं आणि एकटीने एकच वाक्य भरलं. बाहेर येऊन बजावलं, "लाल कळ माझी. हात लावलास तर बघ!"

ऑपरेशन झालं. डॉक्टर तिच्या भावाला म्हणाले, "वर्ष मिळालं तर नशीब." भावाने ते त्याला सांगितलं. तिला कुणी सांगितलं नाही, पण तिला कळायचं ते कळलं होतं.

त्याने कॉम्प्युटर तिच्या घरी नेला, पलंगाशी टेबलावर जोडला. उशीला टेकून ती बघत होती. गळ्याला पांढरी पट्टी, चेहऱ्यावर नुसते डोळे उरलेले.

"माझ्याशी लग्न—"

तारा खोचता खोचता तो वाकूनच म्हणाला. कीबोर्डवर टप् टप् आवाज तेवढा झाला.

तिने लाल कळ दाबली. आणि पापणी लवायच्या आत तो जुना, धारदार आवाज खोलीत घुमला :

"हो. आणि रडू नकोस, वेड्या… कीबोर्ड भिजतोय."