मांगरातलं दुसरं पान

दीपिका लग्न होऊन मयेकरांच्या घरात आली तेव्हा सासूने तिला स्वयंपाकघर दाखवलं, विहीर दाखवली आणि माडांच्या बागेतला मांगर लांबूनच दाखवला. मांगर म्हणजे चिऱ्यांची एक खोली. आत नारळाची सोडणं, जुनी जाळी, बंद पडलेला पंप.

"दुपारचा एक पान थंय ठेवचा," सासू, सुगंधा म्हणाली. "राखणदाराचा."

जागेची राखण करणारा, न दिसणारा राखणदार नाही असं घर या किनाऱ्यावर शोधायलाच लागेल, त्यामुळे दीपिकाने काही विचारलं नाही. ती कट्टा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. कशावर वाद घालायचा आणि कशावर गप्प बसायचं हे तिला चांगलं कळत होतं. कावळे खात असतील, कुत्री खात असतील. एकच गोष्ट खटकायची. संध्याकाळी केळीचं पान उचलायला गेलं की ते मधोमध दुमडलेलं असायचं, जेवून उठलेल्या माणसाने दुमडावं तसं. सासूच दुमडत असेल म्हणून तिने विषय मनातून काढून टाकला.

तिचा नवरा स्वरूप आखातात तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर होता. ती बोट वादळात उलटली. काही जणांची प्रेतं मिळाली, स्वरूपचं नाही. दीपिका तेव्हा रडली नाही आणि नंतरही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तशी ती सगळीच बधिर झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला बरंच वाटत होतं. सकाळची एसटी, शाळा, वह्या, संध्याकाळची भाजी. कुंकू लावायचं की नाही हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून ती लावत होती.

वर्ष उलटलं. नणंदेचं, प्रियांकाचं लग्न ठरत आलं आणि अडलं. घराला सुतक धड लागलं नव्हतं, धड फिटलं नव्हतं. अशा घरात अक्षता टाकायच्या कशा? देवळात कौल लावला, तोही होईना. शेवटी भटजींनी पालाशविधी सुचवला. देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला गेलेल्याच्या नावाने हाक मारतात आणि अग्नी देतात. सुगंधा तयार झाली. सासरे, आबा, मात्र टाळत राहिले. "जरा थांबया," एवढंच म्हणायचे. का, ते सांगायचे नाहीत. मग सगळे दीपिकाकडे बघू लागले.

"तुझा काय म्हणणा गो?" सुगंधाने विचारलं.

"करा," ती म्हणाली. वाट बघून ती कंटाळली होती. दुसरं काही कारण नव्हतं.

खाडीच्या काठावर तो पानांचा माणूस निजवला तेव्हा तिला तो फारच लहान वाटला. डोक्याच्या जागी नारळ होता. आबांनी वाकून "स्वरूप" म्हणून हाक मारली आणि चूड लावली. पानं जळण्याचा वास यायला हवा होता, तो केस जळल्याचा आला. नारळाच्या शेंडीचा असेल, असं तिने ठरवलं. घरी येऊन तिने कुंकू पुसलं.

तेरावं झालं, घरात पुन्हा मासे आले. त्या दुपारी सुगंधाने मांगरासाठी दोन पानं वाढली.

"दुसरा कोणाचा, आई?"

"माका काय ठावक? हात गेलो, वाढलंय."

संध्याकाळी दोन्ही पानं दुमडलेली होती. दीपिकाने दुसरं उलगडून पाहिलं. बांगड्याचे काटे उजव्या कडेला एकाखाली एक, ओळीने लावलेले. काटे असे लावणारा एकच माणूस तिला माहीत होता. आता भीती वाटेल म्हणून ती थोडा वेळ तिथेच थांबली. वाटली नाही. पान खड्ड्यात टाकून ती घरात आली आणि पेपर तपासायला बसली.

त्याच आठवड्यात शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन वाजला.

"दीपिका, मी बोलतंय."

परक्या मुलखातल्या मच्छीमारांनी त्याला समुद्रातून उचललं होतं. डोक्याला मार, अंगावर एक कागद नाही, स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं. इतके महिने तो तिथल्या इस्पितळात बिननावाचा पडून होता.

"मगे नाव आठावला कसा?"

"कोणीतरी हाक मारल्यान गो. आबांसारखो आवाज."

दीपिका प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली आणि मुलांसमोर हमसून हमसून रडली. तो जिवंत होता. तिला तो हवा होता, किती हवा होता ते तिला तेव्हा कळलं.

घरी सुगंधाने देवापुढे साखर ठेवली. आबा मात्र पडवीत बसून राहिले.

"आमच्या घरात ह्या आदी एकदा झाला हा," ते म्हणाले.

त्यांचे आजोबा भिकाजी पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून बसऱ्याला गेले. पुढे खबर नाही. घरच्यांनी पळसाचा माणूस जाळला. त्यानंतर मांगरात गड्यांसाठी ठेवलेलं जेवण गायब होऊ लागलं, म्हणून तिथे पान ठेवायला लागले. आणि एक दिवस भिकाजी मालवणच्या बंदरावर आगबोटीतून उतरले. पायात गोळी, अंगात पलटणीचा कोट. आपल्या पायांनी चालत घरी आले, जेवले, निजले.

"मगे एक दिवस तेणी विचारल्यानी, मांगरात कोण जेवता? आणि बघूक गेले."

"मगे?"

"एकच भायर इलो."

"कोण?"

"आजयेक शेवटपर्यंत कळूक नाय. तिणा संसार केल्यान. माझो बापूस त्याच्यानंतर झालो."

दीपिकाने आबांच्या हातांकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचे असतात तसेच हात होते.

"आणि अजून पान कोण खाता?"

"जो भायर येवक नाय, तो."

"स्वरूपाक ह्या ठावक आसा?"

"नाय. माझ्यानंतर ह्या संपान्दे म्हणान कोणाक सांगूक नाय. म्हणानच थांबया म्हणत होतंय."

तिने वाद घातला नाही. कट्ट्याच्या बाजारातून भक्कम कुलूप आणलं आणि मांगराला लावलं. आता पान ठेवायचं नाही, असं सासूला बजावलं. ज्या दिवशी स्वरूप यायचा होता त्या सकाळी तिने कुंकू लावलं आणि कुडाळ स्टेशनवर गेली.

तो वाळला होता, दाढी वाढली होती. रिक्षात तिने पूर्ण वाटभर त्याचा हात धरला. हात गरम होता. मनगटावर बोटं ठेवून तिने नाडीही पाहिली. चालू होती.

घरी आल्यावर ओवाळून त्याला आत घेतलं आणि सगळे जेवायला बसले. दीपिका त्याला खेटून बसली. बागेकडचं दार तिने आधीच लावून घेतलं होतं.

"दीपिका."

हाक बागेतून आली.

आबांचा घास हातातच राहिला. सुगंधा वाढता वाढता थांबली.

"दीपिका, गो."

आवाज स्वरूपचा होता. आंघोळीला गेल्यावर टॉवेल मागायला तो हाक मारायचा, तशीच हाक.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून भात कालवत होता. त्याने सोलकढीची वाटी उचलली, एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली.

"ओ दी तेका," तो हळूच म्हणाला. "नायतर तो हंय येतलो, आणि तो हंय इलो तर माका थंय जावक लागात."