चतुराबाईचं बिऱ्हाड आणि लाल टॅग

शालनकाकूंच्या टपरीमागे सकाळपासून एका आईची शिकवणी चालली होती आणि ती आई शेवग्याच्या खोडाला उलटी चिकटून सगळं मुकाट्याने ऐकून घेत होती. निदान प्रीतमचं तरी तसं म्हणणं होतं. आईचं नाव चतुराबाई. पाठीवर पट्टे, झुबकेदार शेपटी आणि तोंडात कायम काहीतरी कोंबलेलं. सुट्टी लागली तेव्हा ही खार चांगली गोलमटोल होती. मग एक दिवस ती एकदम सडपातळ होऊन टपरीवर हजर झाली आणि काकूंनी हातातली चहाची गाळणी बाजूला ठेवून जाहीर केलं, "बाळंत झाली बगा ही."

तेव्हापासून तिला सल्ल्यांना तोटा नव्हता. बाळंतिणीने असं उन्हातान्हात उंडारायचं न्हाई, कानाला फडकं बांधायचं, हा काकूंचा सल्ला. काकूंचा पुतण्या प्रीतम यंदा आठवीत जाणार होता. तो म्हणाला, पिल्लांना आत्ताच चढाईच्या क्लासला घाल, शेजारणीची पिल्लं केव्हाच पुढच्या फांदीवर पोहोचली असतील. छोट्या समर्थचा सल्ला सगळ्यांत अनुभवी होता. "शेंगदाणे कुठे लपवलेस ते पिल्लांना सांगू नकोस," तो गंभीरपणे म्हणाला. "आमची आई सांगत नाही. आम्हाला सापडतात, ते वेगळं."

समर्थची मोठी बहीण तनुजा मात्र हसली नाही. ती खोडाजवळ गेली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सकाळी बाहेर पडतेस ती दिवसभर भटकतेस. पिल्लांनी एकट्याने काय करायचं गं?"

प्रीतमने तिच्याकडे पाहिलं. तनुजाची आई विजयश्री चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कामाला होती. पहाट होते न होते तोच कंपनीची बस टपरीपाशी येई आणि आई पोळीभाजी झाकून ठेवून निघून जाई. बाबा ट्रेलर घेऊन चेन्नईकडे गेलेले. लातूरहून इथे आल्यापासून घर असंच चाललं होतं आणि तनुजाला त्याचं काही वाटत नसे. पण परवा नळावर शेजारच्या यशोदाबाई तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या होत्या, "पोरं वाऱ्यावर सोडून बाई कामाला जाते." तनुजाने बादली भरली आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. ते वाक्य मात्र बादलीबरोबर घरी आलं होतं.

"तिच्या तोंडात निळं काय आहे?" समर्थने विचारलं.

खरंच, चतुराबाईच्या तोंडात निळ्या-पिवळ्या सुताचा गुंता होता. प्रीतमने लगेच ओळखलं. यंत्रं पुसायला कारखान्यात असलं सूत वापरतात, त्याला सगळे वेस्ट म्हणतात. आता हे अंथरूण घेऊन ती शेवग्यावर चढायला हवी होती. ती चढली नाही. कुंपणाच्या भिंतीवर उडी मारून ती सरळ पलीकडे धावत सुटली.

"शेवग्यात हिचं घरच नाही," तनुजा म्हणाली आणि तिघं खारीच्या मागे पळाले.

पलीकडे दौलतरावांची शेड होती. दौलतराव इथलेच जुने शेतकरी. जमिनीच्या एका तुकड्यावर त्यांनी लोखंडी सुटे भाग बनवायचा कारखाना टाकला होता. काम मिळेना म्हणून तो बरेच महिने बंद होता. आता नवं काम मिळालं होतं आणि उद्या दुपारी नारळ फोडून यंत्रं पुन्हा सुरू व्हायची होती. चतुराबाई शेडच्या मागच्या पाइपावरून सुर्रकन वर गेली आणि भिंतीतल्या मोठ्या पंख्यात नाहीशी झाली. आतली गरम हवा बाहेर फेकतात तो पंखा.

लाकडी फळ्यांच्या ढिगावर चढून प्रीतमने आत डोकावलं. पंख्याची पाती आणि जाळी यांच्यामधल्या खाचेत निळ्या-पिवळ्या सुताचं गुबगुबीत घरटं होतं आणि त्यात डोळेही न उघडलेली गुलाबी पिल्लं वळवळत होती. तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"उद्या हा पंखा फिरेल," तो म्हणाला.

यापुढे काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिघं धावत फाटकापाशी गेले. तिथे कोंडीराम नावाचे पहारेकरी मोबाइलवर कुस्ती बघत बसले होते. त्यांनी मान वर न करताच ऐकलं. मालकांना विचारा, मला पंख्यातलं काय कळतं, असं म्हणून ते परत कुस्तीत बुडाले. पाटीवर दौलतरावांचा नंबर होता. प्रीतमने काकूंच्या फोनवरून तो लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"काका, शालनकाकूंच्या टपरीवरून बोलतोय. उद्या खारीचं काय करायचं ते विचारायचं होतं."

"असू दे की," पलीकडून दौलतरावांचा खणखणीत आवाज आला.

"ती मागे पंख्यात..." प्रीतम सांगू लागला आणि नेमका तेवढ्यात एक कंटेनर भोंगा वाजवत टपरीसमोरून गेला. तो गेल्यावर प्रीतमने विचारलं, "म्हणजे हलवायची नाही ना?"

"कशाला हलवायची? जागा कोरडी हाय ना?"

"एकदम कोरडी."

"मग राहू दे तिथंच. मुंग्या लागणार न्हाईत एवढं बघा. चहाच्या वेळेला काढू."

फोन बंद झाला. प्रीतम खूश झाला. एवढा मोठा माणूस, पण मुंग्यांचासुद्धा विचार करतो, असं तो घरी जाईपर्यंत सांगत राहिला. तनुजाला मात्र एक गोष्ट खटकत होती. पिल्लं चहाच्या वेळेला कशी काय काढणार? पण मोठ्या माणसांना उगाच उलटतपासणी घेतलेली आवडत नाही, म्हणून ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलतरावांच्या शेडला झेंडूची तोरणं लागली. पाहुणे जमू लागले. तेवढ्यात टपरीपाशी एक टेम्पो थांबला आणि बेकरीचे मोठे मोठे लाल खोके उतरू लागले. एका खोक्याचं झाकण उघडलं, तर आत थरावर थर. कुरकुरीत, पापुद्र्यांची, चहात बुडवून खायची खारी.

"एवढी खारी कुणी मागवली?" तनुजाने विचारलं.

काकू म्हणाल्या, "दौलतरावांनी. काल तुमी फोन केला न्हाई का? त्येंना वाटलं म्हणं, खारी कालच हितं येऊन पडली."

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. खारीचं काय करायचं, असं आपण विचारलं. असू दे, असं ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यापासून बिस्किटं होती. चतुराबाईबद्दल दौलतरावांना अजून काहीच ठाऊक नव्हतं.

ते फाटकाकडे पळाले. आज कोंडीराम कडक इस्त्रीत उभे होते. पूजा सुरू झाली आहे, पोरांनी मध्ये लुडबुड करायची नाही, असं म्हणून त्यांनी फाटक लोटून घेतलं. आतून मंत्र ऐकू येत होते. नारळ फुटला की सुपरवायझर दिग्विजय आधी पंखे चालू करणार, मग यंत्रं. फार तर दहा-पंधरा मिनिटं हातात होती.

समर्थचे डोळे भरून आले. "ताई, लाल रिबीन," तो म्हणाला.

आणि तनुजाला आठवलं. समर्थला खोड होती, ताई आंघोळीला गेली की बाहेरून दिवा बंद करायची. तेव्हा आईने तिच्या कंपनीतली पद्धत घरात आणली होती. यंत्रात माणूस काम करत असेल तर तो बंद बटणाला स्वतःचं कुलूप घालतो आणि लाल टॅग लावतो. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. तेव्हापासून आंघोळीला जाताना तनुजा बटणाला लाल रिबीन अडकवत असे आणि समर्थसारख्या समर्थने तो नियम एकदाही मोडला नव्हता.

तिने खारीच्या खोक्याचं लाल झाकण टर्रकन फाडलं, काकूंचा पेन घेतला आणि घाईघाईने लिहिलं. मग आपल्या सायकलचं कुलूप काढून ती भिंतीच्या खिंडारातून मागच्या बाजूला गेली. पंख्याच्या बटणाची पेटी बाहेरच्या भिंतीवरच होती. बंद असलेल्या दांड्याला कुलपासाठी भोक होतंच. दुसऱ्या कशालाही हात न लावता तिने कुलूप अडकवलं, टॅग बांधला आणि किल्ली मुठीत धरली.

नारळ फुटला. टाळ्या झाल्या. दिग्विजय भराभर मागे आला आणि पेटीसमोर जागच्या जागी थांबला. पाठोपाठ दौलतराव आणि पाहुणेही आले.

"थांबलास का? मुहूर्त चाललाय," दौलतराव म्हणाले.

"साहेब, लाल टॅग आहे."

दौलतरावांनी चष्मा सरसावून मोठ्याने वाचलं, "खारीला धोका. पंखा चालू करू नये." मग त्यांनी गोंधळून सगळ्यांकडे बघितलं. "खारीला कसला धोका? चहात पडायचा?"

हशा पिकला. कोंडीरामांनी पुढे होऊन कुलूप तोडायची तयारी दाखवली, पण दिग्विजय आडवा आला. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, मग तो कुणी का असेना, असं तो ठामपणे म्हणाला.

तनुजा पुढे आली. किल्लीची मूठ घट्ट होती. "कुलूप माझं आहे," ती म्हणाली. "खारी नाही काका, खार. पंख्यात तिची पिल्लं आहेत."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. मंत्रांच्या आणि टाळ्यांच्या आवाजाने घाबरलेली चतुराबाई जाळीतून बाहेर येत होती. तिच्या तोंडात एक इवलंसं गुलाबी पिल्लू होतं. पाइपावरून उतरून, भिंतीवरून धावत तिने ते शेवग्याच्या ढोलीत नेलं आणि लगेच परत फिरली. तेव्हा कुठे तनुजाच्या लक्षात आलं. बाई दिवसभर भटकत नव्हती. पिल्लांसाठी खाणं बघत होती, अंथरूण जमवत होती, दुसरी जागा हेरून ठेवत होती. आणि आपण तिची शिकवणी घेत होतो.

दौलतरावांनी फेटा काढून हातात घेतला. "कुणी हात लावायचा न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. कुणीतरी मुहूर्ताची आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "आधी तिचा हू दे."

मग सगळे पाहुणे कुंपणापाशी उभे राहून चहा-खारी खात चतुराबाईचं बिऱ्हाड हलताना बघू लागले. काकू प्रत्येक खेपेला तिला सल्ला देत होत्या. "दमानं जा बाय. मानंला धर, पायाला नगं." पण अखेरच्या एका पिल्लाची वेळ आली आणि चतुराबाई दिसेनाशी झाली. पंख्यातून बारीक चिवचिव येत राहिली.

"विसरली वाटतं," पाहुण्यांमधल्या यशोदाबाई म्हणाल्या. "असली कसली आई."

तनुजा गर्रकन वळली. "विसरली नाही," ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ती कामात आहे. आई कामात असली म्हणजे पोरं वाऱ्यावर पडत नाहीत. येईल ती."

यशोदाबाई कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. आणि शेवग्यावरून पट्टेदार पाठ खाली उतरली, भिंतीवरून धावली, पंख्यात शिरली आणि शेवटचं पिल्लू घेऊन बाहेर आली. समर्थने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या, की दिग्विजयला त्याचे हात धरावे लागले.

दिग्विजयने स्वतः वर चढून घरटं रिकामं असल्याची खात्री केली, तेव्हाच तनुजाने कुलूप काढलं. पंखा घरघरला, मग यंत्रंही. दौलतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरांचं नीट ऐकून घ्यायला हवं होतं, ते म्हणाले, माझ्या हातून आज केवढं पाप झालं असतं. मग खारीचा एक अख्खा खोका त्यांनी तिच्या हातात दिला. "घ्या. आजच्या कामातला तुमचा खारीचा वाटा."

खोका घेऊन तनुजा वळली, तर भिंतीच्या खिंडारापाशी आई उभी होती. कंपनीचा निळा कोट, खांद्यावर डब्याची पिशवी. बस केव्हाच येऊन गेली होती.

"तू कधी आलीस?" तनुजाने विचारलं.

"तू कुणाला तरी उत्तर देत होतीस तेव्हा," आई म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले. मग लाल टॅग हातात घेऊन नीट बघितला. "यावर तारीख टाकायची असते, बाळा. बाकी सगळं बरोबर आहे."

तनुजाने तिला टपरीच्या बाकावर बसवलं, काकूंकडून चहा आणला आणि खोका तिच्यापुढे उघडला. शेवग्यावर चतुराबाई ढोलीच्या तोंडाशी पाय पसरून पडली होती. आज तिला द्यायला तनुजाकडे एकच सल्ला उरला होता, आणि तो तिने दोघींनाही एकदमच दिला.

"आता जरा बस. आम्ही आहोत."