हिरव्या कड्याचा नवरा

"आई आहे की कोण? संध्याकाळी पक्ष्यांचा दुकानदार आला की देऊनच टाकतो हिला," असं म्हणून मामा अंगणात गेले.

सुट्टीला आलेली चिंगी आणि तिचा मावसभाऊ ढब्बू पिंजऱ्यासमोरच उभे राहिले. घरट्यात पिल्लं चोची वासून ओरडत होती. त्यांचा बाप एकटाच भरवून भरवून दमला होता. आई मात्र दांडीवर पंख साफ करत बसली होती.

"ही गेली तर पिल्लं मरतील," चिंगी म्हणाली. "परवापर्यंत चांगली भरवत होती. मध्येच काय झालं?"

"काही नाही. काल मामांनी पिंजऱ्यांची दारं रंगवली. मग ज्या रंगाचं दार, त्याच रंगाचं कडं नराच्या पायात घातलं. गल्लत नको म्हणून."

"याच्या पायात आधी कुठलं होतं?"

"लाल. आता हिरवं."

चिंगी एकेका पिंजऱ्यात डोकावत धावली. लाल कड्याच्या नरांच्या माद्या पिल्लांना भरवत होत्या. हिरव्या कड्याच्या नरांच्या माद्या नुसत्या बसून.

"तिला नवरा आवडेनासा झालाय. मग त्याच्या पिल्लांसाठी कशाला राबेल?"

"एवढ्याशा कड्यावरून?"

"मामांनी मिशी काढली तेव्हा मामी कशी वागली होती?"

ढब्बू मामांकडे पळाला.

मामांना सांगितलं, तर ते हसले. "पक्ष्यांना कसली आलीय आवडनिवड? पळा, खेळा."

मग ढब्बूने आपल्या सायकलची साखळी पाडली आणि मामांना बसवलं ती चढवायला. इकडे चिंगीने पिंजऱ्यात हात घातला. नर दोनदा निसटला, एकदा चावला. शेवटी हिरवं निघालं आणि जुनं लाल कडं बसलं.

आता नुसतं थांबायचं होतं आणि तेच जमत नव्हतं. चिंगी बसे, उठे, नखं खाई. मादी नवऱ्याकडे बघे, मान वळवे, पुन्हा बघे.

फाटक वाजलं. दुकानदार रिकामा पिंजरा घेऊन आत आला. "कुठाय ती आळशी?"

मामांनी दार उघडायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मादी घरट्याच्या काठावर होती. एका पिल्लाची चोच भरली, लगेच दुसऱ्याची.

"हिला आळशी म्हणता?" दुकानदार म्हणाला.

मामांची नजर लाल कड्यावर गेली, मग चिंगीच्या चावलेल्या बोटावर.

"हा उद्योग तुझा?"

"दोघांचा," ढब्बू म्हणाला. "साखळी मीच पाडली."

"पोरं हुशार आहेत हो तुमची," दुकानदार हसला. "मी आपला रिकामाच परत जातो."

मामांनी दोघांच्या डोक्यावर टपली मारली आणि हिरव्या दाराचा पुढचा पिंजरा उघडला.

"चला, उरलेल्या नवऱ्यांनाही नटवून टाकू. मी धरतो, तू घाल."